भावाच्या दुकानातली ट्यूब

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर विनोद मयेकरचं मेडिकल आहे. नाचणे रोडला मेडिकलची काही कमी नाही, पण आमच्या भागातली माणसं रस्ता ओलांडून विनोदकडेच यायची. आता त्यातली काही पुढच्या दुकानात जातात. "पूर्वी हात पुढे केला की औषध मिळायचं, आता हा उलटतपासणी घेत बसतो," असं वरच्या मजल्यावरचे काका परवा जिन्यात म्हणाले.  ही उलटतपासणी सुरू झाली त्या दिवशी मी दुकानात होते. खरं तर ती माझ्यामुळेच सुरू झाली.

विनोदचा हात फार चपळ होता. आपल्याकडे औषधाचं नाव कोण सांगतं? माणसं रिकाम्या ट्यूबचं शेपूट आणतात, गोळ्यांच्या पाकिटाचा कापलेला कोपरा आणतात, खोक्याची फाडलेली पट्टी आणतात आणि काउंटरवर ठेवतात. विनोद ती नीट बघायचाही नाही. कडेचा रंग दिसला की हात फळीवर आणि तोंड गिऱ्हाइकाशी गप्पा मारायला मोकळं. "अप्पा, मुलगा आला का मुंबईवरून?" असं विचारता विचारता औषध पिशवीत पडलेलं असायचं. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, विनोदच्या बोटांना डोळे आहेत. त्याला ते आवडायचं.

माझी आणि त्याची ओळख वाढली ती राहीमुळे. राही माझी मुलगी, नऊ वर्षांची. दिवाळीनंतर तिच्या शाळेत खो-खोचा सराव सुरू झाला, तोही भर दुपारी. मी कौतुकाने एक वासाचा सनस्क्रीन स्प्रे आणला. दोन-तीन दिवसांतच तिच्या मानेवर पुरळ उठलं. तिचे बाबा, दीपक, बोटीवर असतात. त्यांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "काही लावू नकोस. आम्ही काय लावत होतो लहानपणी?" मी मात्र वाचत सुटले. लहान मुलांना काय चालतं, काय चालत नाही, कशाने त्वचा चुरचुरते, स्प्रे तोंडाजवळ का मारू नये. मी बीएस्सी झालेली, पण त्या आठवड्यात वाचलं तेवढं परीक्षेलाही वाचलं नव्हतं. मग फोन हातात धरून विनोदच्या काउंटरवर जाऊन उभी राहिले.

"याला वास आहे?"

"आहे की. मस्त आहे, मोगऱ्यासारखा."

"मग नको. आणि हे?"

"याला वास नाय. पण स्प्रे आहे."

"स्प्रे नको, नाकात जातो. झिंक ऑक्साइडचं दाखव."

विनोदने तिसरं खोकं खाली ठेवलं आणि दोन्ही हात काउंटरवर टेकले. "वहिनी, तुम्ही राहीसाठी क्रीम बघताय की स्थळ?"

दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसले, पण खोकं उलटं करून वाचत राहिले. शेवटी त्याने कोल्हापूरहून एक ट्यूब मागवून दिली. साधी, बिनवासाची, लावली की तोंड पांढरंफटक करणारी. राही आरशात बघून म्हणाली, "आई, मी रंग द्यायच्या आधीच्या गणपतीसारखी दिसते." पण पुरळ उठलं नाही. मी विनोदला तसं सांगायला गेले तर तो म्हणाला, "चला, म्हणजे जावई पसंत पडला."

असा हा विनोद. मूळचा काळबादेवीचा, मुंबईतल्या नव्हे, आमच्या शहराजवळच्या, समुद्रावरच्या वस्तीतला. आई लवकर गेली, वडील मच्छीमारीत, त्यामुळे त्याला वाढवलं ते थोरल्या बहिणीने, मैनाने. तो तिला बाय म्हणतो. बाय त्याला अंघोळ घालायची, बाय शाळेत सोडायची, बायनेच त्याला मासळीच्या धंद्यात पडू दिलं नाही. "तू सावलीत बसायचं काम शीक," असं ती म्हणायची, हे त्याने मला किती वेळा तरी सांगितलंय. तो फार्मसी शिकला, दुसऱ्याच्या दुकानात राबला आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. दुकानाची फीत मैनाने कापली. तो फोटो अजून गल्ल्याच्या मागे लावलेला आहे.

मैना मात्र उन्हातच राहिली. तिचं लग्न गावातच झालं. पावसाळा सरला की मासळी वाळवायचं काम सुरू होतं ते वैशाखापर्यंत चालतं. बांबूच्या मांडवावर बोंबील टांगायचे, जवळा जमिनीवर पसरायचा, तो सारखा परतायचा, कावळ्या-कुत्र्यांवर लक्ष ठेवायचं. खालून तापलेली जमीन, वरून ऊन आणि समोर पाण्याची चकाकी. त्या बायकांच्या गालांवर वांग येतात, काळपट तपकिरी डाग. मैनाच्याही आले होते. एकदा घरातलं लग्न तोंडावर असताना ती भावाला म्हणाली, "माझ्या तोंडाला कायतरी दे रे, फोटोत मी कोळशासारखी दिसते."

विनोदने फळीवरची एक ट्यूब दिली. रोज कुणी ना कुणी पट्टी आणून तीच मागत असे. लग्नापर्यंत मैनाचा चेहरा उजळला. सगळ्यांनी विचारलं, काय लावलंस? मग तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायकाही ती मागवू लागल्या. त्या तिला उन्हाची ट्यूब म्हणत. सकाळी तोंड धुऊन ती चोळायची आणि उन्हात जायचं. मैना शहरात आली की पाचसहा जणींच्या फाडलेल्या पट्ट्या घेऊन यायची आणि विनोदचा हात फळीवर जायचा. त्याने कधी विचारलं नाही, कोण लावतं, कधी लावतं, किती दिवस लावतं. बायने आणलंय म्हणजे झालं.

डिसेंबरमधली ती संध्याकाळ. मी राहीला घेऊन खाली दुकानात उतरले होते. काउंटरशी मैना उभी होती आणि तिच्याबरोबर तिची मुलगी संस्कृती. संस्कृती आठवीत, उंच, शाळेच्या कबड्डीच्या संघात. तिचे दोन्ही गाल लालबुंद होते. जवळून पाहिलं तर कातडीखाली बारीक लाल शिरांची जाळी दिसत होती, मध्ये मध्ये फोड, आणि कानाजवळ दाट लव. मी राहीचा हात धरून तिला माझ्या मागे घेतलं. मला वाटलं, लागण होईल. संस्कृतीने ते पाहिलं. तिने ओढणी गालावर ओढून घेतली.

मैना हसतमुख बाई. ती म्हणाली, "काय गो राही, खो-खो जोरात काय? हिला पण ऊन बाधलंय बघ. मैदानावरून येते ती टोमॅटो होऊन येते."

मला बरं वाटावं म्हणून, किंवा राहीला मागे ओढल्याची लाज झाकावी म्हणून असेल, मी विचारलं, "तुम्ही हिला काय लावता?"

"आमची ठरलेली हाय," असं म्हणून मैनाने कमरेच्या पिशवीतून ट्यूब काढली. "माझ्या भावाच्या दुकानातली. मी आधी स्वतः लावून बघितली, मगच हिला सुरू केली. पोरीच्या तोंडाला भलतंसलतं कसं लावायचं, नाय का?"

लेबल वाचायची मला सवयच लागली होती. मी ट्यूब हातात घेतली आणि वाचलं, तेही मोठ्याने. खाली उभी तांबडी रेघ होती आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना होती. आत स्टेरॉइड होतं, डाग घालवायचं एक औषध होतं, आणि असं एक द्रव्य होतं की जे लावून उन्हात जायचंच नसतं.

"पण हे उन्हासाठी नाहीच," मी म्हणाले. "विनोद, हे उन्हात लावायचंच नाहीये."

दुकानात अजून तीन-चार जण होते. विनोदचा हात अर्ध्यावर थांबला. तो काउंटरच्या बाहेर आला, संस्कृतीच्या समोर वाकला आणि तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला. 

"बाय, हिला कधीपासून लावतेयस?"

"शिमग्यापासून. का रे?"

"रोज?"

"रोज सकाळी. मैदानावर जायच्या आधी." मैनाच्या तोंडावरचं हसू अजून तसंच होतं, पण ती एकदा माझ्याकडे आणि एकदा भावाकडे बघत होती. "तूच तर देतोस ना?"

विनोदने गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. मी राहीला घेऊन वर आले. जिना चढताना राही म्हणाली, "आई, तू सगळ्यांसमोर का वाचलंस?" 

दुसऱ्या दिवशी विनोद दोघींना घेऊन त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. त्यांनी सांगितलं ते त्याने संध्याकाळी मला जसंच्या तसं ऐकवलं, एखादं पाठांतर म्हणून दाखवावं तसं. स्टेरॉइडने कातडी पातळ झाली आहे. ट्यूब बंद केली की चेहरा आधी आणखी बिघडेल, भडकेल, खाजेल. त्यावर त्या दुसरी औषधं देतील. पण काहीही झालं तरी ती ट्यूब पुन्हा लावायची नाही. आणि उन्हात जाताना टोपी, ओढणी आणि रोज सनस्क्रीन, नाहीतर डाग कायमचे राहतील.

"मैनाताई काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही कुणी दिली? तर बाय म्हणाली, आमच्या गावात सगळ्याच लावतात." तो खोकी पुसत होता, पुसलेलीच पुन्हा पुसत होता. "माझं नाव नाय घेतलं तिने. मी शेजारच्या खुर्चीत बसलेलो आणि मी पण नाय बोललो."

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा दुकानात जाई, तेव्हा तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत असे, कुणासाठी, कधीपासून, चिठ्ठी आहे का. एकदा मात्र त्याने मला थांबवलं. "वहिनी, रविवारी काळबादेवीला याल? त्या बाकीच्या बायकांना सांगायचंय. माझ्याने एकट्याने होणार नाय. तुम्ही वाचलंत ना, तर तुम्हीच..." मग स्वतःच मान हलवून म्हणाला, "नाय, सांगेन मीच. तुम्ही फक्त या."

रविवारी आम्ही रिक्षाने गेलो. मैना आणि इतर बायका जवळा परतत होत्या. विनोदला बघून सगुणा नावाची वयस्क बाई लांबूनच ओरडली, "ये रे डाक्टर! माझी ट्यूब संपली, आणलीस काय?"

"नाय आणली, काकी. आणि यापुढे आणणार पण नाय."

तो उन्हात उभा राहून बोलला. हे औषध होतं, उन्हाचं क्रीम नव्हतं, ते चिठ्ठीशिवाय द्यायला नको होतं, मी दिलं. इतकंच. बायका हातातलं काम टाकून जमा झाल्या.

"म्हंजे इतकी वर्सं तू आमच्या तोंडाला काय देत होतास?"

"मग माझं तोंड भाजल्यासारखं होतं ते हेच्यामुळेच काय?"

"मी तर म्हटलं, मयेकरांचा पोरगा शिकलाय, आपल्याला काय कळतंय!"

"शिकलाय कसला," सगुणा म्हणाली. "भाकरी थापावी तशा ट्यूबा देत होता."

त्याने मान खाली घातली. मैना पाठमोरी बसून जवळा परतत होती, ती वळली नाही. सगुणाच पुढे म्हणाली, "बरं, मग आता लावायचं काय? ऊन तर तसंच हाय ना?"

तेव्हा मला बोलावं लागलं. राहीची ट्यूब मी पर्समध्ये आणली होती. मी माझ्या हातावर लावून दाखवली, त्या पांढऱ्या पट्ट्याला सगळ्या हसल्या. "हे लावून रात्री घरी गेली तर नवरा दार नाय उघडायचा," एक जण म्हणाली. मी सांगितलं, घामाने हे जातं, दोनेक तासांनी पुन्हा लावावं लागतं, आणि नुसत्या क्रीमवर भागत नाही, रुंद काठाची टोपी आणि गालापर्यंत ओढणी हवीच. ज्यांना चेहऱ्याला त्रास होतोय त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावं. हे बोलताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. एका मुलीसाठी मी आठवडाभर वाचत बसले होते. तिच्याहून पाच वर्षांनी मोठी असलेली दुसरी मुलगी दिसली तेव्हा मी माझ्या मुलीला मागे ओढलं होतं.

निघताना मैना उठली. भावाच्या समोर येऊन तिने पदराने कपाळावरचा घाम पुसला.

"डाक्टरीणबाईंसमोर मी तुझं नाव घेतलं नाय," ती म्हणाली. "तू घेशील म्हणून वाट बघत होते."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. मैनाने स्वतःचं सोसलं, पण संस्कृतीचा चेहरा जानेवारीत असा भडकला की ती शाळेतच जाईना. मुलं तिला टोमॅटो म्हणायची. कबड्डीच्या स्पर्धा आल्या आणि गेल्या. एकदा तिने विनोदला फोन केला. तेव्हा मी काउंटरच्या अलीकडे होते आणि तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मामा, एकच दे. फक्त एक. पुन्हा नाही मागणार." विनोद म्हणाला, "नाय बाळा." ती म्हणाली, "मग तेव्हा का देत होतास?" आणि फोन ठेवला.  समोरचं गिऱ्हाईक खोक्याची पट्टी काउंटरवर आपटत होतं.

त्यानंतर तिने फोन केला नाही, मामाशी बोलणं सोडलं. डॉक्टरांची औषधं ती घ्यायची, कारण ती गोळ्यांच्या रूपात होती. पण ट्यूबमधलं काहीही ती चेहऱ्याला लावू देईना. सनस्क्रीन तर नाहीच. मैनाने समजावलं, डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मामाने माझी राही लावते तसलीच ट्यूब पाठवली, ती तिने न उघडता परत धाडली. चेहरा हळूहळू निवत होता, पण उन्हात गेली की पुन्हा काळवंडायचा, त्यामुळे ती घरातच बसू लागली. मैदानावर धावणारी मुलगी दार लावून बसली. "मामाच्या दुकानातलं काही नको," एवढंच म्हणायची.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी विनोद दुकान बंद करून बाहेर जाताना दिसला. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "जरा पुढच्या मेडिकलमध्ये जाऊन येतो."

मीही त्याच्याबरोबर निघाले. तो रस्त्यापलीकडच्या, आजवर ज्याच्याशी त्याची स्पर्धा होती त्या दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांच्या मागे उभा राहिला. दुकानदाराने हसत विचारलं, "मयेकर, तुमच्याकडचा माल संपला काय?" विनोदने उत्तर दिलं नाही. त्याने बिनवासाचं, झिंकचं सनस्क्रीन मागितलं, खोकं उलटं करून सगळं वाचलं आणि त्याचं बिल मागून घेतलं. मग मला म्हणाला, "वहिनी, याल? तुम्ही असलात की बाय मला दारातून हाकलणार नाय."

आम्ही काळबादेवीला पोचलो तेव्हा संस्कृती पडवीत अभ्यासाला बसली होती. गालांवरची लाली पुष्कळ उतरली होती, कडेला काळसर डाग होते. मामाला बघून तिने पुस्तक उचललं. विनोदने ट्यूब आणि बिल तिच्यासमोर ठेवलं आणि तो दोन पावलं मागे सरला.

"माझ्या दुकानातली नाय," तो म्हणाला. "बघ, बिल बघ."

संस्कृतीने आधी बिल पाहिलं. दुकानाचं नाव वाचलं, तारीख वाचली. मग खोकं फिरवून बारीक अक्षरं वाचू लागली. एकेक शब्द. अडली तिथे पुन्हा मागे जाऊन. मैना आतून आली आणि दाराशी थांबली. मध्येच संस्कृतीने मान वर करून मला विचारलं, "काकी, हे शेवटचं काय आहे?" मी सांगितलं. "आणि राही हेच लावते?" मी हो म्हणाले. विनोदकडे तिने पाहिलं नाही. तो पडवीच्या खांबाला धरून उभा होता, आणि त्याचा एरवीचा चपळ हात नुसता खाली लोंबत होता.

मग तिने झाकण काढलं, एक थेंब बोटावर घेतला, तो कोपराच्या आतल्या बाजूला लावला आणि हळूहळू चोळला. डॉक्टरीणबाईंनी तिला असंच करायला सांगितलं होतं, असं ती आईला म्हणाली.

"चेहऱ्याला कधी लावणार?" मैनाने विचारलं.

"हाताला काही झालं नाही तर," संस्कृती म्हणाली. आणि मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मामाकडे बघून, जराही न हसता म्हणाली, "उद्या सांगते."